ताबडतोब म्हणजे किती दिवस

जर्मनीतल्या आमच्या ल्युबेकच्या व्यापारी कोर्टात न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना दोन व्यापारी बसतात. डावीकडे मी, रोडे. चाळीस वर्षं लाकूड विकलं, आता गोदाम रिकामं. उजवीकडे ओल्सेन, जहाजांना दोर पुरवणारा. मधे आस्मुसेनबाई. कायदा त्यांना पाठ, बाजारात काय चालतं ते आम्ही सांगायचं. काळा झगा घालायला मिळतो म्हणून मी हौसेनं हो म्हटलं होतं. ती हौस त्या मंगळवारी फिटली.

समोर व्हीब्के थाम उभी होती. तिचा जिने बनवायचा कारखाना, हाताखाली अकरा माणसं. तिनं शाळेच्या जिन्यासाठी ओकचं सुकं लाकूड मागवलं, आलं ते ओलं. पण गठ्ठे पाच आठवडे तसेच बांधलेले राहिले, कारण ट्रक आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिचा नवरा गेला. आता विकणारा माल बदलून देईना. दुसरं लाकूड घ्यायची तिची ऐपत नव्हती. शाळेच्या जिन्याचं काम हातचं गेलं की कारखान्याला कुलूप.

“व्यापाऱ्यानं आलेला माल ताबडतोब बघायचा आणि खोट कळवायची,” विकणाऱ्याचा वकील म्हणाला. “कायदाच आहे.”

“बघितला असता हो,” व्हीब्के म्हणाली. “पण त्या आठवड्यात मी शवपेटीचं लाकूड बघत होते.”

वकिलानं कागदांत डोकं खुपसलं.

आतल्या खोलीत कॉफी आली. आस्मुसेनबाई म्हणाल्या, “पुस्तकात नुसतं ‘ताबडतोब’ लिहिलंय. म्हणजे किती, ते धंद्याच्या रिवाजावरून लावायचं. रोडेसाहेब, लाकडात किती?”

“चौदा दिवस.”

“आणि घरात मयत झालं तर? थांबतात का लोक? तसा रिवाज असेल तर मला तिच्या बाजूनं धरता येईल.”

“सांग की थांबतात म्हणून!” ओल्सेन म्हणाला. “इथं तुझ्याशिवाय लाकडातलं कळतंय कुणाला?”

माझी बायको गेझा गेली तेव्हा माझेही गठ्ठे सात आठवडे पडून होते. सोडून बघतो तर आत बुरशी. पुरवठादार होता म्हातारा कास्क. फोनवर म्हणाला, “पाठवून दे रे परत. आधी दोन घास खा.” असा माणूस मला चाळीस वर्षांत एकच भेटला. मी स्वतः काही तसा नव्हतो. गेझा जायच्या आदल्याच वर्षी, बाप गेला म्हणून सोळाव्या दिवशी तक्रार घेऊन आलेल्या एका सुताराला मी चक्क हाकलून दिलं होतं, आणि बाजारात कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “थांबत नाहीत.”

“दगड आहेस लेका,” ओल्सेन म्हणाला.

“एक जण थांबला होता. पण एकट्याच्या चांगुलपणाला रिवाज म्हणता येतं का, बाई?”

“नाही येत,” आस्मुसेनबाई म्हणाल्या. त्यांनी पेन उचललं आणि निकाल व्हीब्केच्या विरुद्ध लिहायला घेतला.

निकालानंतर व्हीब्केनं मला व्हरांड्यात गाठलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्ही लाकूडवाले ना?” तिनं विचारलं. “मग सांगा, ते ओक सुकायला किती दिवस लागतील?”

हेही मलाच ठाऊक होतं.

“वर्षभर तरी.”

“शाळा सप्टेंबरात उघडते,” ती म्हणाली, आणि जिना उतरताना सवयीनं कठड्यावरून हात फिरवत गेली.