शकुननं पुसलेलं नाव

शकुनचा नवरा गजेंद्र अकोल्याला दुसरी बाई करून बसला, त्याला वर्ष होत आलं. अमरावतीचं लग्नपत्रिकांचं दुकान शकुननं एकटीनं चालवलं, गिऱ्हाईक तुटू दिलं नाही. पण कॉम्प्युटरवर मालक म्हणून अजून त्या मेल्याचंच नाव! त्याचे पत्त्यांचे गेम तिनं केव्हाच काढले होते, तरी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे कॉम्प्युटर सगळ्या नोंदी ठेवतो त्या आतल्या वहीत, त्यांचं खरकटं उरलंच होतं.

आज सकाळी व्हिडिओ बघून ती रजिस्ट्रीत शिरली. शोधात 'गजेंद्र' टाकलं अन् सापडेल ती नोंद उडवत सुटली. आधी बॅकअप घ्या, असं व्हिडिओवाला बजावत होता. हट्! या माणसाचा अन् बॅकअप? सगळं पुसून झालं तेव्हा तिला न्हाल्यासारखं मोकळं वाटलं.

दुपारी दर्यापूरचे जानराव पोरीच्या लग्नाची पत्रिका छापून घ्यायला आले. शकुननं पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर उघडलं, तर ते नाव अन् लायसन्सचा नंबर मागत बसलं. अगं बाई! ते गजेंद्रच्या नावावर घेतलेलं होतं, अन् तीच नोंद तिनं उडवली होती. विकणारी कंपनी कधीचीच बंद. सगळ्या पत्रिका त्यातच, दुसऱ्या कशात उघडत नाहीत. ऐन लग्नसराईत दुकान ठप्प झालं, तर खायचं काय?

"काहून बाई, बिघडलं का?" जानरावांनी विचारलं.

"नाही काका, चहा घ्या तुमी."

नंबर एकाच माणसाकडे होता. दात-ओठ खात तिनं फोन लावला.

"हाय ना माह्यापाशी," गजेंद्र म्हणाला. "पन झालं काय?"

खोटं बोलायला काही सुचेना. "तुमचं नाव काढून टाकलं मी. सगळीकडून."

तो पोट धरून हसला. "मंग? मले काढून भागते का तुले?"

शकुननं कागद-पेन पुढं ओढलं. "नंबर सांगा."

"नाही भागत, म्हन. मंग सांगतो नंबर."

जानराव कप हातात धरून खाली बघत होते. त्यांना सगळं ऐकू जात होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नाही भागत," ती म्हणाली.

"आयकू नाही आलं."

"नाही भागत!"

मग तो सावकाश एकेक आकडा सांगू लागला. नावाच्या रकान्यात तिनं आधी स्वतःचं नाव घालून पाहिलं. सॉफ्टवेअरनं घेतलं नाही. तिनं ते खोडलं अन् आपल्या हातानं गजेंद्रचं घातलं.