पंपाचा आवाज

"हा नको. याचा पंप वाजतोय," तो म्हणाला.

दुकानदाराने हातातला कॉम्प्युटरचा कूलर तसाच धरून त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, याला अजून वीजच जोडली नाहीये."

शेजारी उभी असलेली बायको पिशवी सावरता सावरता थांबली. त्याने घाईघाईने हसून घेतलं. "मग बाहेरचं काहीतरी असेल." बाहेर काही नव्हतं.

चित्रपटांचे, मुलाखतींचे आवाज साफ करणं हा त्याचा धंदा. माणूस बोलत असताना मागे फ्रिज घुरघुरत होता की पंखा फिरत होता, हे तो क्षणात सांगायचा. एकदा तर एका मोठ्या नटाची कवळी सैल झाल्याचं त्याने नुसतं ऐकून ओळखलं होतं. मित्र त्याला कानसेन म्हणायचे, आणि पुढे पुढे खरं नाव मागेच पडलं.

गेले काही महिने मात्र एक बारीक शिट्टी त्याचा पिच्छा सोडत नव्हती. काम करायची खोली अडगळीच्या खोलीएवढी, त्यात टेबलावर कानाशीच कॉम्प्युटरची आटोपशीर, छोटी पेटी. प्रोसेसर तापला की आतला पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा. शिट्टी त्याचीच, असं त्याने ठरवून टाकलं. त्याने पंखा बदलला, पेटी टेबलाखाली सरकवली, भोवती फोम लावला. शिट्टी तशीच. मग उरला हा शेवटचा उपाय, प्रोसेसर पाण्याने गार ठेवणारा कूलर. आणि आठवडाभर तो दुकानात यायचं टाळत होता. तोही उपाय चालला नाही तर पुढे काय, हा विचारच त्याला नको होता.

शेवटी शेवटी त्याच्या वडिलांना ऐकू येईनासं झालं होतं. लोक हसले की ते हसायचे, बोलले की मान डोलवायचे. एका घरी सांत्वनाला गेले असताना ते "छान, छान" म्हणाले, तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी खुदकन हसलं होतं. वडिलांना तेही कळलं नाही.

"हे बघा," दुकानदार समजावू लागला. "पंप बसतो प्रोसेसरच्या डोक्यावर. पाणी नळीतून उष्णता घेऊन या जाळीत येतं, पंखा जाळी गार करतो. ही लांब जाळी घ्या. दोन पंखे, सावकाश फिरतात, पंपही गप्प असतो. तुमच्या पेटीत मोठं ग्राफिक्स कार्ड नाही, कडेला आरामात बसेल."

"आणि ही छोटी?"

"बसायला सोपी. पण पंपाची शिट्टी येत राहते. तुमचं काम आवाजाचं, तुम्ही या फंदात पडू नका."

"जोडून दाखवा ना."

दुकानदाराने छोटा कूलर जोडला. पंप सुरू झाला. त्याने कान जवळ नेला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. एक बारीक शिट्टी वाजत होती, सगळ्यांना ऐकू येणारी.

"हाच द्या."

"साहेब, गप्प असलेला हवा म्हणून आलात ना?"

"लांब जाळी बसायची नाही," तो म्हणाला. खरं तर ती बसेल असं माप घरून त्यानेच काढून आणलं होतं. बायकोने खोकं उचलून पिशवीत घातलं.

घरी आल्यावर त्याने कूलर बसवला. पंपात हवा अडकू नये म्हणून जाळी वरच्या बाजूला घेतली, स्क्रू थोडे थोडे आवळले. नळ्या जपून वाकवल्या. एक थेंब गळला तरी खेळ खलास. मग बटण दाबलं.

"झालं एकदाचं," तो बायकोला म्हणाला. "हा बघ पंपाचा आवाज. तुला येतोय ना?"

"येतोय की."

"म्हणजे आहे तो."

तिने वाकून बटण दाबलं. दिवा विझला, पंखा मंदावत थांबला. "आता?"

तो स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत राहिला. खोलीत काहीच हलत नव्हतं.

"चालूच आहे," तो शेवटी म्हणाला.

ती त्याच्या शेजारी स्टुलावर टेकली.

"दुकानात ओळखलंस?" त्याने विचारलं.

"त्याच्याही आधी. बेल वाजली तरी उठत नाहीस. फोन आताशा उजव्याच कानाला लावतोस. मला वाटलं तूच सांगशील, म्हणून गप्प बसले."

"मला दुसरं काय येतं गं?" त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. "भीती वाटते."

"मलाही वाटते," ती म्हणाली.

पण त्याच्या डोक्यात आता वेगळीच भीती उभी राहिली होती. मागच्याच आठवड्यात त्याने एका म्हाताऱ्या सुईणीची मुलाखत साफ करून माहितीपटाच्या दिग्दर्शिकाबाईंना पाठवली होती. सुईणीच्या बोलण्यामागे त्याला सारखी शिट्टी ऐकू यायची. ती जाईना म्हणून तो आवाजातले वरच्या पट्टीचे बारीक सूर खरवडून काढत राहिला होता. त्या शिट्टीपायी तिच्या बोलण्यातला 'स' गेला असेल, श्वास गेला असेल. आणि ती सुईण आता हयात नव्हती.

त्याने बाईंना फोन लावला. "तो सुईणीचा भाग मी पाठवलाय तसा वापरू नका. मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का हो? एवढं तुम्ही केलंय म्हटल्यावर आम्ही ऐकूनही पाहिलं नाही."

"म्हणूनच सांगतोय," तो म्हणाला. "माझ्या कानात बिघाड झालाय. नसलेला आवाज मी तिच्यातून काढत बसलो होतो."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. बोललं असेल तर त्याला ते ऐकू आलं नाही. त्याने फोन डाव्या कानावर नेऊन पाहिला, पुन्हा उजव्यावर आणला. तेव्हा बाई म्हणत होत्या, "...आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीचं आपण बघू."

फोन ठेवून झाल्यावर बायको बाहेरच्या खोलीत गेली. कानाच्या डॉक्टरांची वेळ ती विचारत होती. तिचं बोलणं त्याला निम्मंअर्धंच कळत होतं.

त्याने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. पेटीचं झाकण अजून उघडंच होतं. आत हात घालून त्याने दोन बोटं नळीवर ठेवली. नळी अगदी बारीक थरथरत होती. तो तसाच बसून राहिला, पंप खरोखर चालू असल्याचं बोटांनी तपासत.