बर्फ आणि तीन अंश

धाकट्या भावाचं कौतुक असावं, पण किती! त्यापायी ताईने कॉलेजच्या प्रयोगशाळेतली कायमची नोकरी सोडली आणि आठ वर्षं त्याच्या काचेच्या नळीशेजारी बसून काढली. नळीत विरळ हायड्रोजन, मधोमध निकेलची कांडी. वीज सोडली की आत गुलाबी प्लाझ्मा पेटायचा. भोवती फिरणारं पाणी घातलेल्या विजेच्या मानाने जास्तच तापून बाहेर पडायचं. म्हणजे अणूंची केंद्रकं सूर्यासारख्या भट्टीवाचून जुळून उष्णता देत होती! लोक हसायचे. ताई मात्र डोळ्यांत तेल घालून आकडे तपासायची आणि वहीच्या पानाखाली रोज ‘साक्षीदार’ म्हणून सही करायची.

उद्या परीक्षक येणार होते. त्यांनी मानलं तर भावाचं नाव होणार, नाही तर प्रयोगशाळेला कुलूप. पाण्याचं तापमान मोजणारी तार बर्फाच्या पाण्यात तपासून ठेवा, असं त्यांनी ताईला कळवलं होतं. इथे आजवर तपासणी व्हायची ती नळीच्या जागी साधा हीटर लावून, आणि तीत सगळं चोख निघायचं. ताईने तार उपसून बर्फाच्या थर्मासात बुडवली. मीटरवर शून्य आलं. तेवढ्यात तिच्याकडे पाठ करून बसलेल्या भावाने नळी पेटवली.

मीटरवर तीन अंश.

ताईने थर्मासात बोट घालून पाहिलं. बर्फ होता तसाच तरंगत होता.

"विझव रे जरा."

शून्य.

"पेटव."

तीन. पाणी जास्त तापतं म्हणून आठ वर्षं मिरवलं, ते हेच तीन अंश! प्लाझ्माच्या विजेची खरखर तारेत शिरत होती. हीटर बिचारा खरखरत नाही, म्हणून कधी पकडलं गेलं नाही.

"अरे, ही उष्णता नव्हेच. मीटर आपल्याला थापा मारतोय."

भावाने मागे वळून मीटर पाहिलाही नाही. एरवी शब्दाने शब्द वाढवणारा माणूस!

"तुला माहीत होतं."

"दुसऱ्या वर्षीच कळलं."

"आणि मूग गिळून बसलास? माझ्या सह्या घेत?"

"तू नोकरी सोडून आली होतीस, ताई. कोणत्या तोंडाने सांगणार? वाटलं, एक दिवस खरी उष्णता निघेल, मग हे कोण विचारतंय."

"वा! खोटं तू बोलायचं आणि उपकार माझ्यावर!"

त्याच्या एक थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. लहानपणी दिलीही असती. आता त्याचे केस पिकले होते, तिचेही, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

तिने वही ओढली. आजवर वरची नोंद त्याची आणि खालची सही तिची असायची. आज तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं: तार बर्फाच्या पाण्यात. नळी विझलेली, शून्य. नळी पेटलेली, तीन. मग वही त्याच्यापुढे सरकवली.

"कर सही. साक्षीदार तू."

"ताई, उद्या परीक्षक बघतील."

"बघू देत की. आणि आजची तारीख नको. तुला कळलं त्या दिवशीची घाल."

त्याने पेन घेतलं आणि तारीख लिहिली. जुनी वही काढून बघायची गरज त्याला पडली नाही.