पुष्पा गाठीने गेली

उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असा तातेरावमामाचा स्वभाव. एरवी गंमत वाटायची. पण फॉर्म भरतानाही असंच बोलावं माणसानं?

अंकुशनगरच्या नंदाबाईची आई पस्तिशीत छातीच्या कॅन्सरनं गेली. म्हणून २००३ साली मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी नंदाबाईचं रक्त तपासलं. रात्री गावाची राखण करणाऱ्या जागल्यासारखं एक प्रथिन आपल्या अंगात असतं. पेशी बिघडली की ते नेमके जनुक जागे करतं अन् कॅन्सर होऊ देत नाही. नंदाबाईच्या प्रथिनात बारीकसा बदल निघाला, बहुधा आईकडून आलेला. तो घातक की साधा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण घराण्याची माहिती मामानं दिली होती, अन् फॉर्मवर लिहिलं होतं, 'मावशी पुष्पा, अठराव्या वर्षी गाठीने गेली.' आई अन् मावशी, दोघी म्हटल्यावर बाईंनी दोन्ही स्तन काढायचा सल्ला दिला. नंदाबाईनं काळजावर दगड ठेवून होकार दिला. आईचा मात्र तिला फार राग आला. द्यायचंच होतं, तर हेच दिलंस का गं?

ऑपरेशनच्या आठ दिवस आधी ती मामाला भेटायला कुंभार पिंपळगावला गेली. ही पुष्पामावशी आपल्या कानावर कधी कशी आली नाही, असं तिनं सहज विचारलं. मामा म्हणाला,

"अगं, पुष्पा म्हंजे आपली सोनूबाई. लग्नात नाव बदललं ना! म्या त्या फॉर्मवाल्या पोरीला गमतीनं सांगितल्तं, अठराव्या वर्षी लग्नाची गाठ पडली अन् पुष्पा गेली."

हसावं की मामाचं टाळकं फोडावं, नंदाबाईला कळेना. सोनूमावशी सत्तरीतही ठणठणीत होती, पिंपळगाव रेणुकाईत अजून कापूस वेचत होती!

जल्दीनं मावशीला मुंबईला नेलं. तिच्या रक्तात तोच बदल सापडला, तरी तिला कधी काही झालं नव्हतं. ऑपरेशन थांबवून बाईंनी ते बदललेलं प्रथिन खमिराच्या, म्हणजे यीस्टच्या, पेशींत घालून पाहिलं. जे जनुक जागे व्हायचे, ते बराबर जागे झाले. रूप वेगळं होतं, काम चोख होतं.

दोन महिन्यांनी निकाल ऐकायला दोघी गेल्या. ऑपरेशनची गरज नाही, पण वर्षाची तपासणी चुकवायची नाही, असं बाईंनी बजावलं. आईला आजार कशानं झाला, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

बाहेर पायरीवर बसून नंदाबाई ढसाढसा रडली. मावशी घाबरून विचारायला लागली.

"माझ्या आईनं मला वाईट काही दिलं न्हाई, मावशे," ती म्हणाली.