वर चंद्र, खाली गाव

सत्यवतीच्या पुनवेच्या व्रताचे नियम दोनच होते. चंद्राला अर्घ्य दिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही, आणि चंद्र दिसेपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. मुलगा शिवा वादळात होडीसकट हरवला तेव्हा ती देवाला हे बोलली होती. शिवा सुखरूप परतला. पण व्रत बारा वर्षांचं होतं, आणि एक पुनव जरी चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून धरायचं होतं.

एकोणसाठ सालची नारळी पुनव ही शेवटची. एरवी श्रावणातसुद्धा पहाटेपर्यंत कुठेतरी ढग फाटायचा आणि चंद्र तोंड दाखवून जायचा. यंदा आठवडाभर सूर्याचाच पत्ता नव्हता. सत्यवतीने पासष्टी ओलांडलेली. आणखी बारा वर्षं मागायची तर कुठल्या तोंडाने, असं तिला वाटत होतं. बोललेलं न फेडता जायचं, या विचाराने तिची अन्नावरची वासना आधीच उडाली होती.

अशात रणदिवे नावाचा वैमानिक तिच्या पडवीत राहायला होता. बेळगावला निघालेलं त्याचं दोन माणसांचं उघडं विमान ढगात वाट चुकलं आणि ओहोटीला सत्यवतीच्या गावी, खारवाडीच्या वाळूच्या पुळणीवर उतरलं. लोकांनी ते होडीसारखं दोर लावून सुरूच्या बनात ओढून ठेवलं होतं. पुनवेच्या सकाळी भाकरी खाता खाता तो सहज म्हणाला, "मावशी, ढगांच्या वर चंद्र असतोच."

तो सहज म्हणाला, पण दुपारपर्यंत अख्खा गाव देवळात जमला. विमान पडेल का, हे कोणी विचारलं नाही. प्रश्न एवढाच होता, की वर गेल्यावर शीव ओलांडली जाते का? देवाच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवून कौल लावला. गाव आकाशापर्यंत असेल तर उजवी पाकळी दे म्हाराजा, असं गुरवाने विनवलं. पाकळी उजवीच पडली. मग ठरलं, की विमानाने गावावरच घिरट्या घालायच्या आणि माणसांनी शिवेवर झावळ्यांच्या चुडी पेटवून उभं राहायचं, म्हणजे वरून शीव दिसेल.

पुढचा प्रश्न चामड्याचा. व्रताच्या दिवशी सत्यवती चामड्याला शिवत नसे. विमानातल्या तिच्या चामडी बैठकीवर घोंगडी घातली. रणदिव्याचे बूट, पट्टा, टोपी काढून घेतली, त्याला विहिरीवर आंघोळ घातली आणि शिवाचं धोतर नेसवलं. तो कुरकुरला नाही. चार दिवस त्या घरचं जेवला होता.

तिन्हीसांजेला ओहोटी होती. भरतीने पुळण बुडायच्या आत परत यायचं होतं. गाऱ्हाणं झालं, 'व्हय म्हाराजा' झालं आणि विमान उडालं. सत्यवती पुढच्या जागेत, मांडीवर पाण्याचा तांब्या घट्ट धरून. मागे धोतर सावरत रणदिवे. बोलायला दोघांच्यामध्ये एक रबरी नळी होती. खाली चुडींचं कडं दिसलं. मग सगळं ओलं आणि पांढरं झालं, आणि एकदम गारवा कोरडा झाला.

"मावशी, चंद्र आला बघा," नळीतून आवाज आला.

पायाखाली आपलाच गाव आहे हे कळेपर्यंत चंद्र पाहायचा नाही, म्हणून सत्यवतीने डोळे गच्च मिटले होते. "खाली आमचो गाव आसा मां, झिला?"

रणदिव्याने वाकून पाहिलं. खाली नुसता ढग होता, पिंजलेल्या कापसासारखा. गाव असेल, नसेलही. वारा समुद्रावरून रेटत होता. खोटं सांगणं सोपं होतं. पण आंघोळ करून बसलेल्या माणसाला ते जड गेलं. "नक्की नाही सांगता येत," तो म्हणाला.

"मगे खाली चल. मी डोळे मिटलंय."

खाली आले. चुडी दिसल्या, गाव दिसला, चंद्र नव्हता. वर गेले. चंद्र होता, गाव नव्हता. असं तीनदा झालं. पेट्रोलचा काटा बघून रणदिवे म्हणाला, की आता एकदाच जमेल. सत्यवतीने मनात देवाला हात जोडले, आणि तांब्या कलंडेल म्हणून खरेखुरे जोडता येत नाहीत याची माफी मागितली.

खाली गावचा प्रमुख मानकरी महादू गावकर याला आवाजावरून सगळं उमगलं होतं. विमान घिरट्या घालत घालत वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकत होतं, शेजारच्या पेंडवळ गावाच्या बाजूला. त्याने देवाचं तरंग बाहेर काढायला सांगितलं. तरंग म्हणजे लुगडी नेसवलेली देवाची काठी. ती दसऱ्याशिवाय कधी उंबरा ओलांडत नसे. "विमान थांबना नाय, तर शीमच चलांदे," तो म्हणाला. तरंग पुढे, मागे चुडी घेतलेला गाव, असे सगळे आवाजाखालून धावत सुटले. शिवेवरच्या व्हाळाचं पाणी ओलांडलं, पेंडवळच्या भातात शिरले. तिकडची माणसं काठ्या घेऊन आली.

"तुमचो देव आमच्या भातात कित्याक शिरलो?"

महादूने धापा टाकत वर बोट दाखवलं आणि सत्यवतीचं व्रत सांगितलं. पेंडवळच्या गावकराने क्षणभर विचार केला. मग आजच्या रातीपुरतं हे भात खारवाडीचं, असं त्याने देवासमोर बोलून दिलं, आणि आपल्याही माणसांना चुडी पेटवायला लावल्या.

वर रणदिव्याला ढगाच्या पोटात तांबूस उजेड दिसला. विमान सरकेल तसा तोही सरकत होता. "मावशी," तो म्हणाला, "गाव खाली आहे. आपल्याबरोबर चालतोय."

सत्यवतीने डोळे उघडले. चंद्र इतका जवळ आणि स्वच्छ होता, की तिने आधी पदर सावरला. मग पाणी सोडलं. वाऱ्याने त्यातलं निम्मं रणदिव्याच्या तोंडावर उडवलं.

भरतीचं पाणी चाकांना लागता लागता ते उतरले. गाव अजून परतायचा होता. माणसं आली ती गुडघाभर चिखलात, आणि त्यांच्यात अर्धी पेंडवळची. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चंद्र आमच्या भातावर दिसला, तेव्हा उद्यापनाची पहिली पंगत आमची. सत्यवतीला ते पटलं. तिने त्यांना आधी वाढलं, मग आपल्या गावाला, मग ओल्या धोतरातल्या रणदिव्याला.

मग ती बसली आणि नारळीभाताचा पहिला घास घेतला. शेजारी शिवा म्हणाला, की सकाळी नारळ घेऊन पेंडवळला जायचं आहे, त्यांचं शेत त्यांना रीतसर परत करायला.

"मीय येतंय," ती म्हणाली. "आता माका शीम ओलांडूक हरकत नाय."