लोयांगचा नाताळ

१९९७च्या डिसेंबरात ॲन आर्बरला बर्फ लवकर पडला. युनिव्हर्सिटीला सुट्टी लागली, पोरं आपापल्या गावी गेली आणि रस्ते ओस पडले. कॅम्पसच्या बसेसही कमी झाल्या. अशात एका दुपारी लिनचा फोन आला. लिन ही आमची चीनमधली विद्यार्थिनी. सप्टेंबरपासून ती इथेच एम.ए. करत होती, पण अभ्यासात इतकी बुडालेली की दोनदाच भेट झाली होती. रूममेट घरी गेल्या, अपार्टमेंटमध्ये एकटीच आहे, एवढं तिने उपासनाला सांगितलं. येऊ का, असं काही विचारलं नाही.

उपासनाने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "प्रफुल्ल, गाडी काढ. तिला घेऊन ये. सुट्टी संपेपर्यंतचे कपडे घे म्हणावं."

गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मला चार वर्षांपूर्वीचा लोयांगचा नाताळ आठवत राहिला.

उपासना आणि मी दोघंही नागपूरचे. लग्न करून ॲन आर्बरला आलो, मी पीएच.डी.साठी आणि ती इंग्रजी शिकवण्याच्या कोर्ससाठी. तिचा कोर्स संपला तेव्हा डिपार्टमेंटच्या बोर्डावर चीनला इंग्रजीचे शिक्षक पाठवणाऱ्या एका संस्थेची जाहिरात लागली होती. माझी पीएच.डी. तेव्हा अडून बसली होती. मी वर्षभराची रजा टाकली आणि आम्ही निघालो. सगळ्यांत जास्त आनंद झाला तो तिच्या वडिलांना. दादाराव मेश्राम नागपूरच्या म्युनिसिपल शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना घरी बसवून फुकट शिकवायचे. उपासना त्याच चटईवर इंग्रजी शिकली होती.

लोयांगच्या स्टेशनवर कॉलेजच्या विभागप्रमुख वांगबाई आम्हाला घ्यायला आल्या होत्या. आम्ही समोर उभे होतो आणि त्या आमच्या खांद्यांवरून मागे डब्याकडे बघत होत्या. अमेरिकेहून येणारे शिक्षक गोरे असणार, असं त्यांनी धरलं होतं. आम्हीच ते, हे कळल्यावर बिचाऱ्या इतक्या ओशाळल्या की आमच्या बॅगा स्वतःच उचलायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात वर्गातल्या एका मुलाने उभं राहून नम्रपणे विचारलं, की तुम्ही अमेरिकन नाही, तर आमचे उच्चार बिघडणार नाहीत ना? उपासनाने हसून उत्तर दिलं, पण घरी आल्यावर तिने तोच प्रश्न मला दोनदा ऐकवला. पुढे दिवाळीपर्यंत सगळा वर्ग नेमका तिच्यासारखा बोलायला लागला. चिनी पोरांच्या तोंडून आमच्या नागपूरचं इंग्रजी ऐकताना मला मोठी गंमत वाटायची.

डिसेंबर लागला तशी वांगबाईंनी विनंती केली, की मुलांना खरा अमेरिकन ख्रिसमस दाखवा. आता आली पंचाईत. आम्ही बौद्ध घरातली माणसं. अमेरिकेतला ख्रिसमस आम्ही पाहिला होता तो घरमालकिणीच्या सोफ्यावर, हातात केकची बशी घेऊन, पाहुण्यांसारखा. तरी उपासनाने मनावर घेतलं. मुलांनी कागदाची फुलं केली, लाल मेणबत्त्या जमवल्या, कुठूनतरी एक छोटं पाइनचं झाड कुंडीसकट उचलून आणलं. लिन तेव्हा एकोणीस वर्षांची असेल. वर्गात सगळ्यांत बरं इंग्रजी तिचं, म्हणून आमची दुभाषी तीच. उपासनाने पोरांकडून ख्रिसमसचं एक गाणं पाठ करून घेतलं. तिला स्वतःला ते आदल्या आठवड्यात कॅसेटवरून ऐकून आलं होतं.

पार्टीच्या आदल्या दिवशी दादाराव गेल्याची बातमी आली. उपासनाच्या भावाने, अरुणने, तीन दिवस फोन लावला होता. कॉलेजच्या ऑफिसात ज्याने उचलला त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि अरुणला चिनी. बातमी आमच्यापर्यंत पोचली तेव्हा तिकडे सगळं आटोपलं होतं. हार्ट अटॅक, शाळेतून घरी येताना. आता येऊन उपयोग नाही, असं अरुणनेच सांगितलं. निघायचं म्हटलं तरी परमिट, बीजिंग, हाँगकाँग असं करत किती दिवस लागले असते कोण जाणे.

उपासना रडली नाही. तिने वांगबाईंना सांगितलं, पार्टी कॅन्सल करू नका, मुलांनी खूप मेहनत घेतली आहे. मग ती खोलीत खिडकीशी बसून राहिली. बाहेर राखाडी आभाळ, कोळशाचा धूर, आणि लोक सायकलींवर कोबीचे गड्डे बांधून घरी चालले होते. मी चहा केला, तो तसाच निवला. दादारावांचा एक छोटा फोटो तिच्या पाकिटात होता. तो मी टेबलावर पुस्तकाला टेकवून ठेवला. आमच्याकडे ना अगरबत्ती होती ना फुलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर टकटक झाली. लिन उभी होती आणि तिच्या मागे जिन्यापर्यंत सगळा वर्ग. पार्टी त्यांनी आपापसांतच रद्द केली होती. लिनने मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?"

मी सांगितलं, फोटोपुढे मेणबत्ती लावतात, फुलं वाहतात, आणि आम्ही त्रिशरण म्हणतो. तिने मागे वळून चिनीत काहीतरी सांगितलं. पार्टीच्या मेणबत्त्या एकेक करत आत आल्या. कागदाची फुलं दादारावांच्या फोटोपुढे ठेवली गेली. खोलीत मावले तेवढे आत, बाकीचे जिन्यात. उपासनाने आणि मी त्रिशरण, पंचशील म्हटलं. ते संपल्यावर काय करावं हे पोरांना कळेना. मग आपल्याला काहीतरी म्हणता येतं म्हणून त्यांनी ते पाठ केलेलं गाणं अगदी हलक्या आवाजात म्हटलं. उच्चार सगळे उपासनाचे. म्हणजे दादारावांचेच. ते ओळखून मी मान खाली घातली.

उपासना तेव्हाही रडली नाही. मला त्याची भीती वाटायला लागली होती.

नाताळच्या दिवशी लिन आम्हाला गावाबाहेरच्या पांढऱ्या घोड्याच्या विहारात घेऊन गेली. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी भारतातून दोन भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून इथे आले, अशी तिथली गोष्ट. आम्ही ऐकून होतो, पण शिकवण्याच्या धबडग्यात जाणं झालं नव्हतं. दारातून आत गेलं की दोन बाजूंना मातीचे दोन गोल उंचवटे आहेत, वर वाळलेलं गवत. त्या दोघा भिक्खूंच्या समाध्या. एक म्हातारे भन्ते झाडू घेऊन पानं गोळा करत होते. त्यांनी लिनला विचारलं, हे कुठले? यिंदू, असं ती म्हणाली. यिंदू म्हणजे भारत, एवढं चिनी आम्हाला येत होतं. मग तिने त्यांना सगळं सांगितलं असावं, कारण ते झाडू भिंतीला टेकवून आमच्याजवळ आले, एका उंचवट्याकडे हात केला आणि सावकाश काही बोलले.

लिनने इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतात, हे दोघंही तुमच्याच देशातून शिकवायला आले होते. त्यांनाही घरी परत जाता आलं नाही. त्यांची देखभाल आम्ही अजून करतो."

उपासना त्या गवताजवळ खाली बसली आणि रडली. कितीतरी वेळ रडली. लिन तिच्या शेजारी जमिनीवर बसली, तिचा हात धरून. मी आणि भन्ते बाजूला उभे राहिलो. नंतर त्यांनी आम्हाला आत नेऊन गरम पाणी दिलं आणि वाटीभर भाताची पेज. तीन दिवसांत उपासनाने पोटात काही घातलं ते तेवढंच.

हे सगळं मनात घोळवत मी लिनच्या अपार्टमेंटशी पोचलो. ती बॅग घेऊन खालीच उभी होती, जणू आम्ही येणार हे तिला ठाऊक होतं. पुढचे दिवस फार चांगले गेले. आम्ही तिला वरण-भात आणि झणझणीत रस्सा खाऊ घातला. तिने जिआओझ केले, म्हणजे उकडलेल्या करंज्याच, आत कोबी आणि मटण. उपासना करंजीला घालतो तशी मुरड घालायची आणि लिन ती मोडून आपल्या पद्धतीने दाबायची. दोघी लोयांगच्या एकेका मुलाचं नाव काढत बसायच्या. उच्चारांची काळजी करणारा तो मुलगा आता स्वतः इंग्रजी शिकवत होता.

नाताळच्या सकाळी आम्ही नागपूरला फोन लावला. तिकडे रात्रीची जेवणं चालली होती. आईंना, म्हणजे उपासनाच्या आईला, लिन आमच्याकडे आल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तीच का, विहारात तुझा हात धरून बसलेली?"

उपासना हो म्हणाली.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात चीनहून परतताना आम्ही नागपूरला गेलो होतो, तेव्हा आईंनी दुसरं काही विचारलंच नव्हतं. तुला कळलं तेव्हा जवळ कोण होतं, एवढंच विचारलं होतं. इकडे घर माणसांनी भरलेलं आणि पोरगी तिकडे परमुलखात, या विचाराने त्यांना महिनोन् महिने झोप नव्हती. मग उपासनाने त्यांना त्या संध्याकाळचं आणि विहारातलं सगळं सांगितलं, जिन्यातल्या पोरांसकट. आईंनी एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावली.

"दे तिला फोन," आई म्हणाल्या.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि लिनला मराठी. उपासना दोघींच्या मध्ये रिसीव्हर धरून उभी राहिली, इकडचं तिकडे सांगत. आईंनी पहिल्यांदा विचारलं, जेवलीस का? उपासनाने ते सांगितलं तशी लिन हसली. आमच्याकडेही आधी हेच विचारतात, म्हणाली. मग आईंनी तिच्या आईचं नाव विचारलं, थंडी किती आहे विचारलं, पुढच्या सुट्टीत नागपूरला ये म्हणाल्या. फोनचं बिल वाढत होतं, पण ठेव असं कोणीच म्हणेना. शेवटी आई उपासनाला म्हणाल्या, "तिला विचार, तिने स्वतःच्या घरी फोन केला का?"

लिनने नकारार्थी मान हलवली. फोन महाग पडतो, आणि आवाज ऐकला की रडू येतं, असं ती म्हणाली.

उपासनाने नागपूरचा फोन ठेवला आणि रिसीव्हर लिनच्या हातात दिला. लिनने तिथेच जमिनीवर बसून नंबर फिरवला. पलीकडून बाईचा आवाज आला आणि लिन भराभरा चिनीत बोलू लागली, मध्येच रडत, मध्येच हसत. उपासना तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन भाताला पाणी ठेवलं.