दारफळणीचं पांढरं पातळ

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. इथे कॅनडात, एडमंटनमध्ये हे कुणाकुणाला समजावणार! माझ्या सासूबाई रेवदंड्याच्या. योम किप्पूरच्या उपासाला त्या अजून ‘दारफळणीचा सण’ म्हणतात आणि त्या दिवशी पांढरंशुभ्र पातळ नेसतात. गेल्या वर्षी सिनेगॉगच्या दारात गार्डने त्यांना अडवलं. “कुणाकडे कामाला आहात?” लाज त्याची वाटायला हवी होती, पण मला वाटली ती सासूबाईंची.

यंदा मी ठणकावलंच. “आई, देश तसा वेश. लाँग स्कर्ट, कोट, हॅट. नो आर्ग्युमेंट.”

“अगं डायना, पातळ बघून आपलं कुणी ओळखेल तरी. मरायच्या आधी एकदा कुणाशी तरी गावच्या गोष्टी बोलायच्यात गं.”

“इथे आपल्यातलं कुणी नाहीये, आई. किती वर्षं ऑनलाइन सर्च करतेय मी.”

त्यांनी पातळाची घडी परत कपाटात ठेवली. स्कर्टमध्ये त्यांना धड चालताही येईना. पण गार्डने हसून दार उघडलं आणि मला, मूर्खाला, जग जिंकल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी उपास सुटला. निघताना तोच गार्ड माझ्याजवळ आला. गेल्या वर्षीची पांढऱ्या साडीतली बाई आजारी आहे का, असं त्याने इंग्रजीत विचारलं. एक म्हातारी खास तिच्यासाठी पाच तासांवरच्या ग्रँड प्रेरीहून आली होती म्हणे. गेल्या वर्षी तिला ते पातळ दुरून दिसलं होतं, पण ती पोचेपर्यंत आमची गाडी निघून गेली होती. साडीतलं कुणी आलं नाही, असं त्याने सांगितल्यावर ती तिथेच रडली आणि निघून गेली. आता ती कायमची मुलाकडे चाललीय, दूर कुठेतरी. नाव त्याने विचारलं नव्हतं.

सासूबाईंपासून हे लपवायचं मी ठरवलं होतं, पण गाडीत बसल्याबरोबर मला रडू फुटलं आणि सगळं सांगून टाकलं.

“तपकिरी हॅट होती का तिची?” त्यांनी विचारलं.

मी धावत जाऊन गार्डला विचारून आले. होती.

“माझ्या शेजारीच बसली होती की. मला वाटलं, मोरोक्कोची ज्यू असेल कुणी. पुस्तक पडलं तिचं, ते मी उचलून दिलं. ती म्हणाली, ‘थँक यू’. मी म्हटलं, ‘वेलकम’.”